रंग एकाचा, पगार दुसऱ्याचा

अमेरिकेतल्या विमानाच्या तिकिटावर कंपनीचं नाव ठळक छापलेलं असतं आणि त्याच्या खाली, वाचायला चष्मा लागेल अशा अक्षरांत, पुष्कळदा आणखी एक नाव असतं. वर 'डेल्टा' असेल तर खाली 'एंडेव्हर एअर', वर 'अमेरिकन' असेल तर खाली 'एन्व्हॉय' किंवा 'पीएसए', वर 'युनायटेड' असेल तर खाली 'रिपब्लिक' किंवा 'स्कायवेस्ट'. विमानाच्या शेपटीवरचा रंग मोठ्या कंपनीचा, तिकीट तिचंच, आत मिळणाऱ्या कागदी रुमालावरचा शिक्काही तिचाच. विमान चालवणारे दोघे मात्र त्या खालच्या, बारीक नावाकडे नोकरीला असतात. विमान प्रत्यक्षात कोण चालवतं हे प्रवाशाला सांगण्याचं बंधन कायद्यानं घातलेलं आहे, एवढ्यासाठी ते नाव तिथं छापलं जातं. गेल्या चाळीसेक वर्षांत तिथल्या तरुण वैमानिकांच्या पगाराचं जे काही झालं, ते या दोन नावांच्या मधल्या जागेत झालं, असं माझं मत आहे.

मी विमानविद्येचा अभ्यासक नाही. कामगार कायदा हा माझा विषय, आणि कंत्राटी कामावर वाचता वाचता मी या गोष्टीपाशी पोचलो. वैमानिक आणि वेतनकपात हे दोन शब्द एका वाक्यात आले की आपल्याकडे ऐकणारा हसतो. वैमानिक म्हणजे पंचतारांकित हॉटेल, गॉगल, लाखांतला पगार. मलाही ही चित्रं ठाऊक होती. म्हणून आधी हिशेब मांडतो.

अमेरिकेत वैमानिकाला पगार मिळतो तो 'ब्लॉक अवर'चा, म्हणजे विमान जागचं हललं तिथपासून मुक्कामी उभं राहिलं तिथपर्यंतच्या तासांचा. विमानतळावर दीड तास आधी पोचणं, दोन उड्डाणांच्या मधले तीन तास खुर्चीत बसून काढणं, बर्फामुळे विमान दाराशी खोळंबणं, हे बहुतेक वेळा त्यात धरलं जात नाही. घराबाहेर महिन्याचे अडीचशे तास गेले तरी पगाराचे तास पंचाहत्तरच्या आसपास. २०१०च्या आगेमागे छोट्या, म्हणजे 'रीजनल' कंपनीत नव्यानं लागलेल्या सहवैमानिकाला ताशी वीस ते पंचवीस डॉलर मिळत. बावीस धरू. महिन्याला पंचाहत्तर तास, वर्षाला नऊशे, म्हणजे १९,८०० डॉलर. बाहेरगावच्या जेवणाचा भत्ता वेगळा, पण तो जेवणातच जातो. आणि ही नोकरी मिळवण्याआधी त्या मुलानं किंवा मुलीनं उड्डाणाच्या शिक्षणावर कर्ज काढून खर्च केलेला असे. पदवीसकट ही रक्कम सहज एक लाख डॉलरच्या पुढे जाई.

या पगाराला माणसं तयार का होतात, हा साधा प्रश्न आहे. माझ्या एका मित्राची मुलगी फ्लोरिडात शिकून आली आणि आता इकडे एटीआर विमानावर को-पायलट आहे. तिला मी हेच विचारलं. ती म्हणाली, "काका, पहिली नोकरी म्हणजे शिक्षणाचं शेवटचं वर्ष समजायचं. तास जमवायचे आणि वर सरकायचं." हे उत्तर मला अनेक ठिकाणी, अनेक वैमानिकांच्या लिखाणात वेगवेगळ्या शब्दांत सापडलं. ही एक रांग आहे. पुढे कधीतरी मोठ्या कंपनीत, मोठ्या विमानावर, खऱ्या पगारावर जाता येईल या आशेनं माणूस रांगेत उभा राहतो. आशेवर उभ्या असलेल्या माणसाला कमी पैसे देणं नेहमीच सोपं असतं.

पण रांगेचा नियम इथं फार कडक आहे. अमेरिकी विमान कंपन्यांत सगळं सेवाज्येष्ठतेवर चालतं: पगार, कोणतं विमान, कोणतं शहर, नाताळची सुट्टी, सगळं. ही ज्येष्ठता कंपनीपुरती असते. वीस वर्षं कॅप्टन असलेला माणूस कंपनी बदलून गेला की नव्या कंपनीच्या यादीत तो सर्वांत खाली, पहिल्या वर्षाच्या पगारावर, चोवीस वर्षांच्या पोराच्या मागं. सर्जन इस्पितळ बदलतो, प्राध्यापक विद्यापीठ बदलतो, तेव्हा अनुभव बरोबर नेतो. वैमानिकाचा अनुभव त्याच्या वहीत राहतो, पगारात उतरत नाही. त्यामुळे कंपनीनं पगार कापतो म्हटलं तर 'मग मी चाललो' हे वाक्य त्याला उच्चारता येत नाही.

आता त्या दोन नावांकडे येतो.

१९७८ साली अमेरिकेनं विमान वाहतुकीवरचं सरकारी नियंत्रण उठवलं. तोवर दर आणि मार्ग सरकारी मंडळ ठरवत असे आणि पगारवाढ तिकिटात घालता येई. नियंत्रण उठल्यावर स्पर्धा आली, तिकिटं स्वस्त झाली (हे चांगलंच झालं, सामान्य माणूस विमानात बसला) आणि खर्चावर पहिला घाव पगाराचा पडला. १९८३मध्ये दोन गोष्टी घडल्या. अमेरिकन एअरलाइन्सनं 'बी-स्केल' आणली: जुन्यांचा पगार तोच, नव्यानं येणाऱ्यांना त्याच कामाला पुष्कळ कमी. आणि फ्रँक लोरेन्झोच्या ताब्यातल्या कॉन्टिनेन्टलनं दिवाळखोरीचा अर्ज केला, संघटनांशी असलेले करार रद्द ठरवले आणि वैमानिकांचे पगार जवळजवळ निम्म्यावर आणले. कॉन्टिनेन्टलच्या या चालीनंतर पुढच्याच वर्षी काँग्रेसनं दिवाळखोरीच्या कायद्यात कलम १११३ घातलं. त्यानुसार करार मोडायचा तर आधी वाटाघाटी करायच्या आणि मग न्यायाधीशाची परवानगी घ्यायची. संघटनांना वाटलं संरक्षण मिळालं. प्रत्यक्षात पुढं त्या कलमाचा उपयोग परवानगीचा दरवाजा म्हणूनच अधिक झाला.

बी-स्केल फार टिकली नाही. एकाच कॉकपिटमध्ये शेजारी बसलेल्या दोघांना दोन पगार, हे संघटनेला पचणारं नव्हतं आणि खाली अडकलेल्यांची संख्या वाढत गेली तशी मतंही त्यांचीच वाढली. पण बी-स्केल खरोखर गेली का? माझं म्हणणं असं की ती विमानातून निघून शेजारच्या कंपनीत गेली. छोट्या गावांहून मोठ्या विमानतळावर प्रवासी आणून ओतण्याचं काम मोठ्या कंपन्यांनी छोट्या कंपन्यांना ठेक्यानं दिलं. आधी एकोणीस-तीस खुर्च्यांची पंख्याची विमानं होती, तोवर कुणाला फरक पडला नाही. १९९३मध्ये सिनसिनाटीच्या कॉमएअर कंपनीनं कॅनडात बनलेलं पन्नास खुर्च्यांचं छोटं जेट आणलं आणि चित्र पालटलं. जेट असल्यामुळे ते लांब जाऊ शकत होतं आणि कालपर्यंत मोठ्या कंपनीचे वैमानिक जे मार्ग उडवत होते ते त्याला उडवता येत होते. २०१०च्या सुमारास अमेरिकेतल्या देशांतर्गत उड्डाणांपैकी निम्म्याच्या आसपास या ठेक्याच्या विमानांची होती.

ठेक्याचं स्वरूप पाहण्यासारखं आहे. मोठी कंपनी वेळापत्रक ठरवते, दर ठरवते, तिकिटं विकते, इंधनाचे पैसे भरते. पुष्कळदा विमानही तीच देते. छोट्या कंपनीला प्रत्येक उड्डाणामागं ठरलेली रक्कम मिळते, विमान भरलेलं असो की रिकामं. आता ठेका मिळवायला अशा चार-पाच कंपन्या उभ्या राहिल्या की त्यांनी एकमेकींपेक्षा स्वस्त व्हायचं कशात? इंधन सर्वांना तेच, विमान त्याच दोन कारखान्यांतलं, विमानतळाचं भाडं तेच. उरतात माणसं. त्यातही एक बारकावा आहे, आणि मला तो या सगळ्या व्यवहारातला सर्वांत निष्ठुर भाग वाटतो. दोन कंपन्यांचे ताशी दर अगदी सारखे असले, तरी जिचे वैमानिक दहा वर्षं जुने आहेत ती महाग आणि जिचे दोन वर्षांचे आहेत ती स्वस्त. म्हणजे एखाद्या छोट्या कंपनीत माणसं टिकली, मुरली, कॅप्टन झाली, की ती कंपनी ठेका गमावण्याच्या वाटेला लागते. काम तरुण कंपनीकडे जातं, जुनी आक्रसते, तिचे कॅप्टन नव्या कंपनीत रांगेच्या शेपटाशी उभे राहतात. कुणीही पगार न कापता पगार कापला जातो. आकडेवारीत ही कपात म्हणून कुठंच दिसत नाही.

गिरणगावाचा इतिहास वाचलेल्यांना इथं भिवंडीची आठवण होईल. कापड यंत्रमागावर विणायचं आणि छाप गिरणीचा मारायचा. १९८२च्या संपात ही सोय मालकांच्या किती कामी आली हे आपण जाणतो. फरक इतकाच की भिवंडीचा कामगार परळच्या रांगेत उभा नव्हता. इथं ठेक्याचा कामगार उद्या कायमच्या नोकरीत जाण्याची वाट पाहत असतो, म्हणून तो भांडायला कचरतो.

एकदा मात्र ते भांडले. डेल्टानं १९९९-२०००मध्ये कॉमएअर पूर्णपणे विकत घेतली होती. वैमानिकांचं म्हणणं सरळ होतं: आता मालक एक, रंग एक, प्रवासी एक, तर पगारात एवढी दरी का? अमेरिकेत विमान कर्मचाऱ्यांना रेल्वेचा १९२६चा कायदा लागू आहे. सरकारी मध्यस्थ मंडळ मोकळीक देत नाही तोवर संप करता येत नाही, आणि मोकळीक मिळाल्यावरही तीस दिवस थांबावं लागतं. ती सगळी वाट चालून २६ मार्च २००१ला सुमारे १,३५० वैमानिक संपावर गेले. कॉमएअरचं एकही विमान उडेना. ८९ दिवस संप चालला आणि तो वैमानिकांनी जिंकला, निदान जूनमध्ये तसं वाटलं. छोट्या कंपन्यांतला सर्वांत चांगला करार त्यांना मिळाला.

संपाला तीन महिने होत नाहीत तोच ११ सप्टेंबर आला. प्रवासी घटले, कर्जं वाढली. यूएस एअरवेज दोनदा दिवाळखोरीत गेली, युनायटेड गेली. सप्टेंबर २००५मध्ये डेल्टा आणि नॉर्थवेस्ट एकाच दिवशी कोर्टात पोचल्या. डेल्टाच्या स्वतःच्या वैमानिकांनी २००४मध्ये साडेबत्तीस टक्के कपात मान्य केली आणि २००६मध्ये उरलेल्यावर आणखी चौदा. शंभराचे अठ्ठावन्न झाले. कॉमएअरही डेल्टाबरोबर दिवाळखोरीत होती आणि तिथल्या वैमानिकांनाही कपात स्वीकारावी लागली. पण त्यांचं खरं नुकसान कपातीचं नव्हतं. संपात जिंकलेल्या करारामुळे आणि मुरलेल्या माणसांमुळे कॉमएअर 'महाग' ठरली होती. विमानं एकेक करून कमी होत गेली, काम दुसऱ्या ठेकेदारांकडे गेलं आणि २९ सप्टेंबर २०१२ला कॉमएअरचं शेवटचं उड्डाण झालं. संप फोडायची गरजच पडली नाही.

यात मोठ्या कंपन्यांतल्या ज्येष्ठ वैमानिकांचा वाटा सांगायलाच हवा, कारण कामगार चळवळीवर लिहिणारे आम्ही लोक अशा ठिकाणी डोळे मिटतो. त्यांच्या करारात एक कलम असे: ठेक्याच्या कंपनीनं किती खुर्च्यांपर्यंतची, किती विमानं उडवायची याची मर्यादा. ही मर्यादा ते स्वतःच्या संरक्षणासाठी घालून घेत. पण दिवाळखोरीत वाटाघाटींना बसल्यावर पगारातली कपात थोडी हलकी व्हावी म्हणून हीच मर्यादा सैल करून दिली गेली; पन्नास खुर्च्यांची सत्तर झाली, सत्तरची शहात्तर. म्हणजे आपला पगार वाचवण्यासाठी उद्याच्या भरतीच्या जागा देऊन टाकल्या. दोन्हीकडच्या अनेक वैमानिकांची संघटना एकच होती. कॉमएअर आणि तिच्यासारख्या दुसऱ्या एका कंपनीतल्या काही वैमानिकांनी २००१मध्ये या आपल्याच संघटनेविरुद्ध खटला भरला, तो याच तक्रारीवरून.

या सगळ्याकडे अमेरिकी जनतेचं लक्ष गेलं ते १२ फेब्रुवारी २००९च्या रात्री. नुअर्कहून बफेलोला निघालेलं कोल्गन एअरचं विमान उतरण्याआधी एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. तिकिटावर ठळक नाव कॉन्टिनेन्टलचं होतं. सहवैमानिक चोवीस वर्षांची होती. ती आईवडिलांकडे सिअ‍ॅटलला राहत असे, कामाचं ठिकाण नुअर्क, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. आदल्या रात्री मालवाहू विमानांतून, मेम्फिसला विमान बदलत, ती कामावर पोचली होती. तिला सर्दी झाली होती; आजारी म्हणून रजा टाकली असती तर नुअर्कला स्वतःच्या पैशानं हॉटेलात राहावं लागलं असतं, हे ती कॉकपिटमध्ये बोलल्याचं ध्वनिमुद्रणात आहे. तिचा वार्षिक पगार चौकशीत आधी सोळा हजार डॉलरच्या आसपास सांगितला गेला. नंतर कंपनीनं दुरुस्ती करून तो चोवीस हजारांजवळ असल्याचं कळवलं. दुरुस्तीनंतरचा आकडा ऐकूनही सुनावणीतल्या माणसांच्या चेहऱ्यांवर फार फरक पडला नसावा.

इथं सावधपणे लिहायला हवं. कमी पगारामुळे विमान पडलं असं चौकशी मंडळानं म्हटलेलं नाही. वेग घटल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टननं नाक खाली करण्याऐवजी वर ओढलं, हे मंडळानं दिलेलं संभाव्य कारण. दोघे थकलेले असावेत, पण थकव्याचा नेमका वाटा ठरवता आला नाही. मी एवढंच म्हणेन की सुमारे दोन कोटी लोकवस्तीच्या महानगरात खोली परवडत नाही म्हणून देशाच्या पलीकडून कामावर येणं आणि विश्रांतीच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपणं हा पगाराचाच परिणाम होता.

अपघातानंतर बाराव्या दिवशी हडसन नदीत विमान उतरवून १५५ जणांचे जीव वाचवणारे कॅप्टन सलेनबर्गर काँग्रेसच्या समितीपुढं बोलले. देश त्यांना डोक्यावर घेऊन नाचत होता. त्यांनी सांगितलं की आपला पगार चाळीस टक्क्यांनी कापला गेला आहे, निवृत्तिवेतन गेलं आहे, आणि आपल्या मुलांनी या धंद्यात यावं असं वाटणारा एकही वैमानिक आपल्याला माहीत नाही.

बफेलोच्या मृतांच्या नातेवाइकांनी चिकाटीनं पाठपुरावा केला आणि २०१०मध्ये कायदा झाला. त्यातली मुख्य अट अशी की सहवैमानिकाकडेही पंधराशे तासांचा अनुभव हवा. पूर्वी अडीचशेवर भागत असे. सैन्यातून आलेल्यांना आणि विमानविद्येची पदवी असलेल्यांना काही सूट. २०१३पासून हे लागू झालं. गंमत अशी की कोसळलेल्या विमानातल्या दोघांकडेही पंधराशेहून जास्त तास होते. सुरक्षिततेच्या दृष्टीनं या अटीचा किती उपयोग झाला यावर तिथं अजून वाद आहे. पण पगाराच्या बाबतीत तिनं जे केलं ते संपाला आणि संघटनेला जमलं नव्हतं: रांग आखूड केली. सोळा-वीस हजारांसाठी पंधराशे तास जमवायला मुलं तयार होईनात.

कंपन्यांना हे कळायला वेळ लागला. २०१४मध्ये एन्व्हॉयच्या वैमानिकांनी सवलतींचा करार मतदानानं फेटाळला, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सनं जुन्याच पद्धतीनं नवी विमानं दुसऱ्या ठेकेदार कंपन्यांकडे वळवली. पण त्या कंपन्यांनाही आता वैमानिक मिळेनात. फेब्रुवारी २०१६मध्ये रिपब्लिक दिवाळखोरीत गेली आणि वैमानिकांची टंचाई हे एक कारण म्हणून तिनं सांगितलं. मग पैसे निघाले, पण आधी पगारवाढ म्हणून नव्हे, भरतीचा बोनस म्हणून. बोनस पुढच्या वर्षी बंद करता येतो. ताशी दर एकदा करारात चढला की उतरवायला कोर्ट लागतं. शेवटी करोनात हजारो ज्येष्ठ वैमानिकांना मोठ्या कंपन्यांनी आधीच निवृत्त केलं, प्रवासी अपेक्षेपेक्षा लवकर परतले, आणि जून २०२२मध्ये अमेरिकनच्या मालकीच्या ठेकेदार कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा ताशी दर नव्वद डॉलरवर नेला. त्यातला एक हिस्सा सुरुवातीला तात्पुरता अधिभार म्हणूनच होता. वरचाच नऊशे तासांचा हिशेब लावला तर ८१ हजार.

आपल्याकडे ही ठेक्याची रचना नाही. गोव्याची फ्लाय९१ किंवा कोल्हापूरच्या उद्योगसमूहाची स्टार एअर स्वतःच्या नावानं तिकीट विकते, आणि 'उडान' योजनेतलं सरकारी साहाय्य एका मार्गाला तीन वर्षं मिळतं. इथं वैमानिकाचा पगार ठेक्यात कापला जात नाही, तो थकतो: किंगफिशर २०१२मध्ये आणि जेट २०१९मध्ये जमिनीवर आली त्याआधी महिनोन्‌महिने पगार झाले नव्हते. एअर इंडियानं २०२०मध्ये भत्ते कापले. आणि निघून जायची सोय इथंही नाही, कारण कॅप्टननं नोकरी सोडायची तर एक वर्षाची आणि सहवैमानिकानं सहा महिन्यांची नोटीस द्यावी असा २०१७पासूनचा सरकारी नियम आहे. कंपनीनं पगार थांबवायला किती महिन्यांची नोटीस द्यावी, असा नियम मला सापडला नाही.

अमेरिकेतल्या पगारवाढीची किंमत कुणी मोजली, तेही सांगून थांबतो. पन्नास खुर्च्यांचं जेट वीस हजारांच्या सहवैमानिकावर परवडत होतं, ऐंशी हजारांच्या सहवैमानिकावर परवडेना. सप्टेंबर २०२२मध्ये अमेरिकननं इथाका आणि टोलेडो या शहरांची सेवा बंद केली. त्याच वर्षी मार्चमध्ये स्कायवेस्टनं सरकारी अनुदानावर चालणाऱ्या २९ छोट्या गावांतून बाहेर पडण्याची नोटीस दिली. दुसरी कंपनी मिळेपर्यंत उडत राहा, असा हुकूम वाहतूक खात्याला काढावा लागला. मग स्कायवेस्टनं एक उपकंपनी काढली आणि पन्नास खुर्च्यांच्या विमानातून वीस खुर्च्या उपसून काढायचं ठरवलं. कारण तीस किंवा कमी खुर्च्यांच्या चार्टर विमानाला सहवैमानिकाच्या पंधराशे तासांची अट लागू होत नाही. वैमानिकांच्या संघटनेनं त्याला विरोध केला.